आधी काड्या कुणाच्या हातात आहेत ते पाहा

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. वर्गाचा पट 34. एका प्रशिक्षणानंतर मी वर्गाची रचना बदलली. मुलांना गटात बसवते, गणित काड्या-मण्यांवर घेते, भाषेच्या तासाला गोष्टी मुलांकडूनच तयार करून घेते. मुलं आनंदाने शिकतात. पण शाळेत मी एकटी पडले आहे. शेजारी पाचवीचा वर्ग आहे. तिथले गुरुजी निवृत्तीला आलेत. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "नव्याचे नऊ दिवस, बाई. तुमच्या वर्गाच्या गोंधळात माझ्या मुलांना ऐकू येत नाही." मुख्याध्यापकांचं एकच पालुपद, "अभ्यासक्रम कधी पूर्ण होणार?" पालक वही उघडून दाखवतात, "यात तर काहीच लिहून घेतलेलं नाही." यंदा दोघांनी मुलं इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातली. केंद्राच्या, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत उपक्रम मांडला, तर मागून कुणीतरी म्हणालं, "आता हे सगळ्यांच्या गळ्यात पडणार." परितेवाडीच्या डिसले गुरुजींबद्दल वाचते तेव्हा वाटतं, एका शिक्षकाने केवढं करून दाखवलं, आणि मला माझी स्वतःची शाळासुद्धा हलवता येत नाही. लोकांना बदलासाठी तयार कसं करू? की गुपचूप खडू-फळ्यावर परत यावं? की सरळ बदली मागावी?
— एक शिक्षिका

उत्तर :

ताई,

तुमचं मूळ पत्र बरंच मोठं आहे. त्यात गुरुजी आहेत, मुख्याध्यापक आहेत, पालक आहेत, शिक्षण परिषदेत मागून आलेला तो आवाजही आहे. मुलांच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलंय: 'मुलं आनंदाने शिकतात.' मी तिथूनच सुरुवात करते. तुम्ही विचारलेल्या बाकी सगळ्याचं उत्तर या एका वाक्यावर अवलंबून आहे, असं मला मनापासून वाटतं.

कोणती मुलं? काय शिकतात? चौतीसपैकी कुणाला जूनमध्ये जे येत नव्हतं ते आज येतं? हे मी उलटतपासणी म्हणून विचारत नाही. गटात बसलेला वर्ग बघायला फार छान दिसतो, आणि त्या छान दिसण्यातच आपली फसगत होऊ शकते. म्हणून एक करून पाहा. हातच्याची वजाबाकी घ्या, 52 वजा 38. एका गटाजवळ खाली बसा आणि दहा मिनिटं काहीही शिकवू नका, फक्त बघा. सहा मुलं, मध्ये काड्या: दशकाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. बहुतेक वेळा काय होतं? एखादी चुणचुणीत मुलगी गठ्ठ्याचं रबर काढते, काड्या भराभर वेगळ्या करते आणि 'चौदा' म्हणून मोकळी होते. शेजारचा ते पाटीवर उतरवतो. तिघं तिच्या तोंडाकडे बघतात. एक जण सुटलेलं रबर बोटाला गुंडाळत बसतो. दारातून पाहणाऱ्याला सगळा गट कामाला लागलेला दिसतो.

आता त्या रबरवाल्याला बाजूला घ्या आणि तेच उदाहरण वहीत सोडवायला द्या. तो 26 लिहिण्याची दाट शक्यता आहे. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून त्याने आठातून दोन काढले, पाचातून तीन काढले. त्याच्या परीने हिशेब चोख आहे. तुम्ही फळ्यावर शिकवत होतात तेव्हाही तो 26 च लिहीत असणार. म्हणजे त्याच्यापुरतं बोलायचं तर वर्गात फक्त बसायची जागा बदलली.

यावर उपाय अवघड नाही. गट दोघा-तिघांचे करा. ज्याला येत नाही त्याच्याच हातात काड्या द्या. ज्याला येतं त्याने हात पाठीमागे धरून फक्त बोलून समजावायचं. शेवटी गटातल्या कुणाचीही वही तुम्ही उचलाल, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. एवढ्याने त्या दहा मिनिटांचं रूप पालटतं. काड्या तर तुमच्याकडे आधीपासून आहेतच. त्या कुणाच्या हातात जातात, एवढंच बघायचं आहे.

आणि एक कागद करा. चौतीस नावं, पुढे तीन रकाने: हातच्याची वजाबाकी येते का, दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद न अडखळता वाचता येतो का, स्वतःच्या मनाने चार वाक्यं लिहिता येतात का. एकेका मुलाला जवळ बोलावून दोन-तीन मिनिटं पाहिलं तरी पुरतं. 'असर' ही शिक्षणाच्या स्थितीची पाहणी 2005 पासून देशभर साधारण याच साधेपणाने चालते: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, यांतलं मूल कुठवर वाचतं ते बघायचं. हा कागद वरिष्ठांसाठी नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्यासाठी तर मुळीच नाही. दीड महिन्याने पुन्हा तेच पाहा. तुमची पद्धत चालते की नाही हे तो कागद सांगेल. ज्या रकान्यात फरक दिसणार नाही तिथे मोकळ्या मनाने पद्धत बदला, अगदी फळ्याकडे परत जावं लागलं तरी. पाढ्यांसाठी मला आजही रोजचं एकसुरात म्हणणं उपयोगाचं वाटतं. ते जुनं आहे म्हणून टाकून देऊ नका.

हे एवढं लांबण लावून सांगते आहे, कारण आपल्या राज्यात हे मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मुलाने स्वतः करून, अनुभवातून शिकावं अशा, शाळा उभ्या केल्या. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झाला आणि ती पद्धत सगळीकडे पोहोचली. पण पोहोचताना तिचा दिसणारा भागच आधी पोहोचला. कित्येक शाळांत फरशीवर रंगीत चौकटी आल्या, भिंती बोलू लागल्या, आणि त्या फरशीवर उभं राहून तोच पाठ त्याच पद्धतीने चालू राहिला. कुमठ्याच्या शिक्षकांनी खरं कष्टाचं काम केलं होतं ते प्रत्येक मूल नेमकं कुठे अडलंय हे शोधण्याचं. त्याचा फोटो काढता येत नाही.

आता गुरुजी. तुम्ही त्यांना बदलाचे विरोधक म्हणता. मला ते वेगळे दिसतात. निवृत्तीला आलेत म्हणजे 1990 च्या आगेमागे नोकरीला लागले असणार. खडू-फळा मोहीम, सर्व शिक्षा अभियान, 2010 चं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, 2015 चा प्रगत महाराष्ट्र, 2021 चं निपुण भारत, हे सगळं त्यांनी वर्गात उभं राहून पाहिलंय. दर वेळी प्रशिक्षण, नव्या नोंदवह्या, नवे तक्ते, ऑनलाइन माहिती, आणि काही वर्षांनी पुन्हा नव्याने सगळं. 'नव्याचे नऊ दिवस' हा त्यांनी तुम्हाला मारलेला टोमणा असेलही, पण त्यामागे त्यांचा आयुष्यभराचा अनुभव आहे. शिक्षण परिषदेत 'गळ्यात पडणार' म्हणणाऱ्यालाही हीच भीती होती: एकीचा उपक्रम उद्या सगळ्यांसाठी परिपत्रक होऊन येतो. ती भीती खोटी आहे असं तुम्ही तरी म्हणू शकाल का?

शिवाय एक गोष्ट तुमच्या पत्रात आहे, पण तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. गुरुजी पाचवीला शिकवतात. म्हणजे येत्या जूनमध्ये तुमची चौतीस मुलं त्यांच्याच समोर बसणार. तुमच्या कामाची सगळ्यात जास्त गरज असलेला माणूस भिंतीपलीकडे आहे. त्यांच्याकडे जा आणि विचारा, "गुरुजी, पाचवीत आल्यावर मुलं कुठे कच्ची पडतात? मी यंदा काय पक्कं करून देऊ?" ते सांगतील. बहुधा भागाकार सांगतील, शुद्धलेखन सांगतील. त्यातली एक गोष्ट खरंच हाती घ्या. मार्चमध्ये तो कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि या सात जणांना अजून येत नाही हेही सांगा. न जमलेलं त्यांना स्वतःहून दाखवलंत तर जमलेल्यावर त्यांचा विश्वास बसेल.

आवाजाची त्यांची तक्रार मात्र मी शंभर टक्के मान्य करते. एका भिंतीआड 34 मुलं बोलत असताना पलीकडे शिकवणं कठीणच असतं. वेळापत्रक घेऊन त्यांच्याबरोबर बसा. त्यांची मुलं मैदानावर असतात तो तास तुमच्या गटकामाला घ्या, ते कविता किंवा प्रकट वाचन घेतात तेव्हा तुमच्याकडे लेखन ठेवा. पाऊस नसेल तर काही गट व्हरांड्यात, काही झाडाखाली. हे आधीच व्हायला हवं होतं, पण अजूनही उशीर झालेला नाही.

मुख्याध्यापकांशी बोलताना 'अभ्यासक्रम महत्त्वाचा की मुलं' अशा वादात शिरू नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 24 शिक्षकाच्या कर्तव्यांबद्दल आहे. ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण करणं त्यात आहे, आणि लगेच पुढे प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणंही आहे. मुख्याध्यापक पहिलं मागतात, तुम्ही दुसरं करता. एकाच कलमाच्या या दोन बाजू आहेत, आणि तुम्हाला दोन्ही पाळायच्या आहेत. कलम 29 तर कृतीतून, शोधातून शिकण्याचं नाव घेऊन सांगतं. पण कायद्याची कलमं त्यांच्यासमोर आपटू नका. तुम्ही कामचुकार नाही आहात हे स्वतःला कळण्यापुरती ती माहीत असू द्या.

त्यांच्याकडे एक नेमकी गोष्ट मागा: रोजचा एक तास, ठरलेला, कुणीही न तोडणारा. त्या तासात इयत्ता बाजूला ठेवून मुलं जिथे आहेत तिथून शिकतील. उरलेल्या वेळात पाठ्यपुस्तक नियोजनाप्रमाणे पुढे जाईल. हा तास का, तेही सांगते. मूल ज्या पातळीवर आहे तिथून शिकवायची पद्धत 'प्रथम' या संस्थेने वाढवली, आणि तिच्यावर जे संशोधन झालं त्यात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. गरिबी-निर्मूलनाच्या प्रायोगिक अभ्यासासाठी त्यांना 2019 चं नोबेल मिळालं. त्यांच्या अभ्यासात दिसलं की शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं तर ते थोड्याच दिवसांत पुस्तकाकडे वळतात आणि मुलांच्या वाचनात फारसा फरक पडत नाही. हरियाणात 2012-13 मध्ये शाळेच्या वेळातच एक तास वेगळा काढला, मुलांना इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवलं, आणि वर्गावर येऊन मदत करणारी माणसं नेमली, तेव्हा त्याच सरकारी शिक्षकांच्या हातून वाचन सुधारलं. म्हणजे एकट्या शिक्षकाच्या उत्साहावर हे चालत नाही, वेळ राखून ठेवावा लागतो. तुम्ही दिवसभर सगळंच बदलायला निघाला आहात, म्हणून अभ्यासक्रमही अंगावर येतो आणि तुम्ही थकताही. एक तास राखा, तो जिवापाड सांभाळा. पंधरा दिवसांनी मुख्याध्यापकांना दोन ओळींत लेखी कळवा: कोणते पाठ झाले, किती मुलं कुठून कुठे गेली. त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर तुम्ही त्यांच्या हातात दिलंत तर ते तुमच्या बाजूने बोलू शकतील.

पालकांच्या बाबतीत मी थोडी कठोर होणार आहे. 'वही कोरी आहे' ही तक्रार अडाणीपणाची नाही. दिवसभर शेतात किंवा कामावर असणाऱ्या आईला शाळेत काय चालतं हे कळायची एकच खिडकी आहे, ती म्हणजे वही. ती खिडकी बंद झाली तर ती घाबरेल नाही तर काय करेल? प्रत्येक गटकामाच्या शेवटी पाच मिनिटं राखा. जे केलं ते चित्र काढून, उदाहरण मांडून, दोन वाक्यांत प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहायचं, तारीख घालून. यात पालकांची समजूत काढण्यापेक्षा मोठा फायदा आहे. हाताने केलेलं कागदावर मांडता आलं की मुलाचं ते पक्कं होतं. काड्यांवरून अंकांवर येण्याचा टप्पा आपल्याकडे बऱ्याचदा राहूनच जातो.

कारण न सांगता बदल केला की काय होतं, ते 2019 मध्ये आपण पाहिलं. दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असंही वाचन दिलं होतं. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्यात लहान मुलं गोंधळतात, ही त्यामागची साधी अडचण होती. जुनी नावंही पुस्तकात होतीच. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर हे शांतपणे सांगत होत्या, पण तोवर विषय थट्टेवर गेला होता आणि विधिमंडळापर्यंत गाजत होता. ज्यांनी कधी पहिली-दुसरीच्या मुलाला 52 लिहायला सांगितल्यावर 25 लिहिताना पाहिलं होतं, त्यांना मुद्दा लगेच पटत होता. बाकीच्यांपर्यंत फक्त 'वीस एक' पोहोचलं, मुलाची अडचण पोहोचलीच नाही.

म्हणून पालकांना पद्धत समजावू नका, मूल दाखवा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या सदस्य महिला. त्या बैठकीत भाषणाऐवजी एका मुलीला काड्या आणि वही घेऊन तिच्या आईसमोर वजाबाकी करू द्या. सभेची वेळ सकाळी अकराची ठेवून पालक येत नाहीत म्हणण्यात अर्थ नाही, संध्याकाळी ठेवा किंवा बाजाराच्या दिवशी. जी दोन मुलं इंग्रजी शाळेत गेली त्यांचा दोष स्वतःकडे ओढून घेऊ नका. गावोगाव हे चाललंय. त्यामागे बसगाडी, बूट-टाय, नोकरीची आशा, भावकीतली चढाओढ असं बरंच असतं. त्यांच्या घरी एकदा जाऊन मात्र या, आरोप न करता. मूल परत येतं तेव्हा अशाच एखाद्या भेटीमुळे येतं.

डिसले गुरुजींशी तुलना करता तेव्हा वाईट वाटतं. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला ही आपल्या सगळ्यांची आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या क्यूआर कोडचं एवढं नाव झालं, ते त्यांनी आधी आपल्याच वर्गाच्या पुस्तकांवर लावले होते. राज्याच्या पुस्तकांत ते नंतर आले. मला या बाबतीत आणखी मागे जावंसं वाटतं, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांपर्यंत. बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर मुलं गुरं राखायला जात आणि शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणावर गेली, तिचं नाव कुरणशाळा. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, मग शंख-शिंपले, बिया, पानं यांवर काम झालं. त्यांचा प्रत्येक बदल समोरच्या मुलाच्या अडचणीतून निघाला. पद्धत पुस्तकातून आली तरी तिला त्या पाड्यावर पुन्हा घडवलं गेलं. तुमचा वर्ग या परंपरेत बसतो. त्यासाठी शाळा हलवावी लागत नाही.

'लोकांना तयार कसं करू' याचं उत्तर माझ्याकडे वेगळं नाही. सगळ्यांना तयार करायला जाऊच नका. शाळेत एखादी तरी शिक्षिका अशी असेल जी मधल्या सुट्टीत तुमच्या वर्गात डोकावते. बहुधा पहिली-दुसरीची. तिला तुमचा उपक्रम देऊ नका, तिची अडचण विचारा. तिच्या वर्गात वाचनाला अडलेली पाच मुलं असतील, तर त्या राखीव तासात दोघींचे वर्ग मिळून बसवता येतील. पुढच्या शिक्षण परिषदेत फोटोंचं सादरीकरण नको. त्या रबरवाल्या मुलाची वही न्या, 26 लिहिलेलं पान उघडा आणि विचारा, "तुमच्याकडे हे होतं का? तुम्ही काय करता?" हात वर येतील, कारण हे प्रत्येकाच्या वर्गात होतं. शिक्षकांच्या नवोपक्रम स्पर्धेला जरूर पाठवा, पण त्या कागदाचे दीड महिने भरल्यावर.

राहिला बदलीचा प्रश्न. अपमान रोजचा झाला असेल, झोप उडाली असेल, तर बदली मागण्यात कमीपणा नाही, आणि मी तुम्हाला थांबवणार नाही. पण पत्रातल्या कारणांसाठी बदली मागत असाल तर नव्या शाळेतही एक गुरुजी असतील, वही उघडून दाखवणारी आई असेल, अभ्यासक्रम विचारणारे मुख्याध्यापक असतील. शिवाय बदली आज ना उद्या होणारच आहे, ती जिल्हा परिषदेत कुणाला चुकलेली नाही. तेव्हा ही चौथी पूर्ण करा. दरम्यान एका साध्या वहीत लिहीत जा, कोणत्या मुलाला कशाने उमगलं आणि कशाने नाही. एखादी ओळ रोज पुरे. बदलीचा आदेश आला की झेरॉक्स काढून एक प्रत शाळेत ठेवा, एक बरोबर न्या. तुमच्या जागी येणाऱ्या शिक्षकाला त्या रबरवाल्या मुलाचं नाव आणि त्याने 26 का लिहिलं ते पहिल्याच दिवशी कळेल.